तुम्ही विचारलंत म्हणून: प्रायव्हसी ब्राउझरवर विश्वास ठेवावा का?

"फोनमधला क्रोम बंद करून ब्रेव्ह टाकलाय, आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना?" हे मला वरचेवर विचारलं जातं. ब्रेव्ह हा असाच एक प्रायव्हसी ब्राउझर. जाहिरातवाल्यांचे ट्रॅकर, म्हणजे साइटोसाइट तुमचा माग काढणारे छुपे कोड, अडवण्यापुरतं निर्धास्त राहा. कंपनीच्या शब्दावर मात्र राहू नका, आणि 'आता मी कुणालाच दिसत नाही' या समजुतीवर तर मुळीच नको.

कोणताही ब्राउझर घेताना आधी पाहावं, त्याचा पैसा कुठून येतो. खोट बरेचदा तिथेच निघते. जून 2020 मध्ये उघड झालं की ब्रेव्हमध्ये बायनान्स या क्रिप्टो-चलनाच्या बाजाराचा पत्ता टाइप केला की ब्राउझर स्वतःच त्याला आपला रेफरल कोड, म्हणजे ग्राहक पाठवल्याबद्दल कमिशन मिळवून देणारी खूण, जोडतो. कंपनीने चूक मान्य करून ते बंद केलं. 2022 मध्ये डकडकगो या सर्च कंपनीचा मोबाइल ब्राउझर इतरांचे ट्रॅकर अडवत होता, पण दुसऱ्यांच्या साइटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या काही स्क्रिप्ट सोडून देत होता. सर्चसाठी मायक्रोसॉफ्टशी केलेला करार आड येत होता. ऑगस्टमध्ये ही सूट काढली. फायरफॉक्सच्या मोझिलाची बहुतांश कमाईही गूगलला डिफॉल्ट सर्च ठेवण्याच्या करारातून येते. तरी या गोष्टी बाहेरच्यांना सापडल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. सोर्स कोड खुला असेल आणि त्यावर परक्यांची नजर असेल, तरच विश्वासाला आधार मिळतो.

हेतू चांगला असूनही गळती होते. ट्रॅकर कधीकधी साइटच्याच एखाद्या उपनावाखाली लपतो. त्याला पकडायला त्या नावामागचं खरं नाव डीएनएसला (साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारावं लागतं. ब्रेव्हने ही सोय केली, पण टॉरच्या खिडकीतही (टॉर म्हणजे ओळख लपवण्यासाठी अनेक संगणकांतून फिरवून नेणारं नेटवर्क) ती विचारणा टॉरला वगळून थेट होत राहिली. 2021 मध्ये लक्षात आलं, की उघडलेले ओनियन पत्ते, म्हणजे टॉरवरच चालणाऱ्या साइटचे पत्ते, वापरणाऱ्याच्या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसपर्यंत पोचत होते. दुरुस्ती लगेच आली. पण जिथे ओळख लपवणं खरोखर गरजेचं आहे, तिथे टॉर ब्राउझरच वापरा, दुसऱ्या ब्राउझरमधली टॉरची खिडकी नको.

स्वतः पडताळायचं असेल तर घरच्या नेटवर्कवर पाय-होल बसवा; घरातल्या उपकरणांच्या डीएनएस विचारणा हाताळून त्यांची नोंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर आहे. ब्राउझरचं कोरं प्रोफाइल उघडा, एकही साइट न उघडता दहा मिनिटं तसंच ठेवा आणि पाय-होलचा क्वेरी लॉग, म्हणजे विचारणांची नोंद, वाचा. ब्राउझरमधलं 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' (डीएनएसची विचारणा कूटबद्ध करून पाठवणारी सोय) तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर पाय-होलला काहीच दिसणार नाही. अपडेट आणि ब्लॉकलिस्टचे (अडवायच्या ट्रॅकरच्या यादीचे) पत्ते दिसणारच. नावात टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीला पाठवणं) असलेला पत्ता दिसला तर सेटिंग्जमध्ये जाऊन डेटा पाठवण्याची खूण काढा आणि पुन्हा तपासा. लॉगमध्ये फक्त नावं दिसतात, आत काय गेलं ते नाही. शिवाय विंडोजच्या स्वतःच्या विचारणाही त्यात मिसळतात, म्हणून आधी ब्राउझर बंद ठेवून दहा मिनिटांचा लॉग घ्या आणि दोन्ही ताडून पाहा.

मुंबईत तर स्टेशनवरच्या फुकट वायफायला जोडतानाच मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. पुढे ब्राउझर कितीही चांगला असो, जोडणी तुमच्या नंबरवर नोंदलेली असते. पानातला मजकूर एचटीटीपीएसमुळे झाकला जातो, पण साइटचं नाव बहुधा उघडंच राहतं. ते झाकायला फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधलं 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' 'मॅक्स प्रोटेक्शन'वर ठेवा, म्हणजे विचारणा तरी झाकली जाते. मग स्टेशनचं लॉगिन पानच उघडत नाही असं होऊ शकतं. तेव्हा ते थोडा वेळ बंद करा, ओटीपी द्या आणि आठवणीने परत चालू करा. आणि एकदा गूगल खात्यात लॉगिन केलंत, की गूगलला तुम्ही कोण ते कळलंच. त्यात ब्राउझर काही करू शकत नाही.

फायरफॉक्समधलं ट्रॅकर अडवणारं 'एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन' मी 'स्ट्रिक्ट'वरच ठेवा म्हणेन. त्यामुळे नेटबँकिंग किंवा तिकिटाचं पेमेंट अडकलं तर वैतागून क्रोमकडे वळू नका. पत्त्याशेजारच्या ढालीवर दाबून संरक्षण फक्त त्या साइटपुरतं काढा, पान रिफ्रेश करा. बाकीच्या साइटवर ते चालूच राहतं.