परत आलेल्या कामांची वही

आमच्या दात बनवणाऱ्या लॅबमध्ये दोन वह्या आहेत. एक हिशेबाची, ती दर महिन्याला सीएकडे जाते. दुसरी परत आलेल्या कामांची, ती ड्रॉवरमधून फारशी बाहेर निघत नाही. कोणती कॅप (दातावरची टोपी), ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा कवळी परत आली, काय बिघडलं, चूक कुणाची आणि पुन्हा करताना काय बदललं, एवढंच त्यात असतं. लॅबची वाटचाल लिहून द्या म्हणून मुलगी मागे लागली, तेव्हा मी हीच वही काढून बसलो.

आम्ही दातांचे डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं आणि आम्ही दात करून पाठवतो. पेशंटला आम्ही माहीतच नसतो. बारावीनंतर मी दोन वर्षांचा डेंटल मेकॅनिकचा कोर्स केला, मुंबईत एका लॅबमध्ये सहा वर्षं काढली आणि 1998 साली सांगलीत परतलो. मारुती चौकाजवळ एक गाळा, धातू ओतायचं एक कास्टिंग मशीन, एक जुनी भट्टी आणि प्लास्टरची पोती, एवढ्यावर सुरुवात झाली.

वहीच्या पहिल्या पानावरची नोंद विट्याहून आलेल्या ब्रिजची आहे. तेव्हा बाहेरगावची मापं एसटीने यायची. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातलेलं माप, वर डॉक्टरांची चिठ्ठी. हे गुलाबी माप अल्जिनेटचं असतं, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या पावडरीचं, आणि त्यात बहुतेक पाणीच असतं. उघडं राहिलं की सुकून आकसतं, फार ओलं राहिलं तर फुगतं. त्यात लगेच प्लास्टर ओतायला हवं. आमच्याकडे पोचेपर्यंत दुपार व्हायची. प्लास्टरच्या दातांवर ब्रिज चपखल बसला, पेशंटच्या तोंडात मात्र डुगडुगला. एकाच डॉक्टरांचे तीन ब्रिज असे परत आले, तेव्हा मी मोटारसायकल काढून विट्याला गेलो. ठरलं असं की प्लास्टर दवाखान्यातच ओतायचं आणि कॅप-ब्रिजसाठी रबरबेसचं, म्हणजे रबरासारख्या मसाल्याचं, माप घ्यायचं. ते महाग पडतं, पण त्याचा आकार बदलत नाही. त्यानंतर त्या दवाखान्याच्या नोंदी जवळजवळ थांबल्या.

आमच्याकडे येणारं निम्म्याहून जास्त काम रूट कॅनाल केलेल्या दाढांचं असतं. कीड खोल जाऊन दाताच्या नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडते. डॉक्टर ती नस काढतात, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करतात आणि गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ, भरून बंद करतात. ठणका गेला की पेशंटही जातो. कॅपसाठी पुन्हा येतच नाही. किडीने आणि ड्रिलिंगने पोकळ झालेल्या त्या दाढेच्या भिंती पातळ उरलेल्या असतात, आणि एक दिवस ऊस खाताना किंवा खारकेवर ती उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून इलाज उरत नाही. कॅप विकणारा माणूस हे सांगतोय, असं कुणी म्हणेल. म्हणून हेही सांगतो की पुढच्या दाताचा फार भाग गेला नसेल तर रूट कॅनालनंतर कधी कधी नुसतं फिलिंगही पुरतं. आणि कीड लहान असताना एका बैठकीत सिमेंट भरून घेतलं, तर तो दात आमच्या टेबलावर कधी येतच नाही. आमच्या धंद्याला न परवडणारा, पण सगळ्यांत चांगला दात तोच.

रंगाच्या नोंदी सर्वांत जास्त. दात पांढरा नसतो. मानेजवळ तो पिवळसर असतो, टोकाला थोडा पारदर्शक, चाळिशीनंतर आणखी गडद. धातूच्या पातळ टोपीवर पोर्सिलेनचे थर चढवून नऊशे अंशांच्या आसपास भाजताना हे सगळं आणावं लागतं, आणि भाजताना पोर्सिलेन आकसतं म्हणून दात मुद्दाम मोठा घडवायचा. पहिली काही वर्षं आमच्या कॅपा वेगळ्या उठून दिसायच्या. मी पावडरीला दोष देत होतो. मग बायको लग्नानंतर लॅबमध्ये बसायला लागली. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ती शाळेतच पास झालेली. आठवडाभर तिने नुसतं बघितलं आणि विचारलं, “अहो, हे रंग डॉक्टर बघतात कधी?” चौकशी केली. कॅपसाठी दात घासून लहान केल्यावर, माप घेऊन झाल्यावर, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली. तासभर तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि सुकलेले दात खऱ्यापेक्षा पांढरे दिसतात. तेव्हापासून आमच्या चिठ्ठीवर एक ओळ छापलेली आहे: शेड आधी बघा, खिडकीपाशी बघा. समोरच्या दातांचं काम असलं तर जवळच्या दवाखान्यात ती स्वतः जाते. पोर्सिलेनचं सगळं काम आता तिच्याकडे आहे, मी हात लावलेला तिला चालत नाही.

उंच कॅपांच्या नोंदीही बऱ्याच. पेशंट म्हणतो, “तोंड मिटलं की आधी हीच दाढ लागते.” कॅपला जागा लागते. धातू आणि पोर्सिलेनला चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर. डॉक्टरांनी जीव राखून दाढ कमी घासली तर आम्ही एक तर कॅप पातळ करायची, नाही तर उंच. पातळ केली की पोर्सिलेनचा टवका उडतो. आता जागा नसेल तर मी काम सुरू करण्याआधी फोन करतो. सुरुवातीला डॉक्टरांना फोन करायची भीती वाटायची. मिरजेत तंतुवाद्यं करणारे माझे एक ओळखीचे आहेत. तंबोऱ्याची जवारी लावताना ते घोडीवर इतकं बारीक घासतात की डोळ्यांना दिसत नाही, फक्त कानाला कळतं. कॅपची शेवटची घासाई अशीच असते. कार्बन पेपर चावायला लावून पडलेला ठिपका तेवढा घासायचा. केसाएवढी उंची जिभेला आणि जबड्याला लगेच कळते.

एक दात काढला आणि ती जागा तशीच सोडली तर शेजारचे दात त्या बाजूला कलतात, विरुद्ध जबड्यातला दात त्या जागेत सरकतो. ब्रिजमध्ये दोन्ही शेजाऱ्यांना घासून त्यांच्या खांद्यावर तिसरा बसवतात. ते धडधाकट असतील तर मला ते घासणं खटकतं. अशा वेळी डॉक्टर हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला धरतं आणि मग आम्ही वरची कॅप करतो. खर्च जास्त, थांबावं लागतं, आणि मधुमेह ताब्यात नसेल तर डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी 45 फूट, त्या वेळी पाणी 57 फुटांवर गेलं. आमचा गाळा तळमजल्यावर. भट्टी, कास्टिंग मशीन आणि सगळी पावडर गेली. वर्षानुवर्षं जपून ठेवलेले प्लास्टरचे दात चिखलात मिसळून एकसारखे झाले, कुणाचे कोणते ते ओळखू येईना. वही मी आदल्या रात्री घरी नेली होती, तीही बायकोने पिशवीत टाकली म्हणून. काही महिने आम्ही माळ्यावर भाड्याच्या भट्टीवर काम केलं, आणि जरा सावरतो तोच मार्च 2020 मध्ये दवाखाने बंद झाले. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वहीत एकही नोंद नाही.

नवीन जागा पहिल्या मजल्यावर घेतली. भट्टीऐवजी बँकेच्या कर्जावर स्कॅनर घेतला. आता झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या टणक सिरॅमिकची, कॅप आम्ही कॉम्प्युटरवर घडवतो आणि मिलिंग सेंटरला पाठवतो. तिथे खडूसारख्या मऊ चकतीतून ती साधारण वीस ते पंचवीस टक्के मोठी कोरली जाते आणि दीड हजार अंशांपर्यंतच्या भट्टीत आकसून खऱ्या मापाला येते. धातू नाही, त्यामुळे हिरडीपाशी काळी रेघ दिसत नाही. पण माप चुकीचं असेल तर कॉम्प्युटरही चुकीचीच कॅप देतो. स्कॅनर आल्यावर वही बंद करावी लागेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

कवळीच्या नोंदी वाचताना मला अजून हसू येतं. एका कीर्तनकार महाराजांची कवळी तीनदा आली. खायला उत्तम, पण “सकळ संत” म्हणताना शिट्टी वाजायची. पुढच्या दातांमागचा भाग मी नको तसा घडवला होता, हवा तिथून निसटत होती. आता मेणावर दात लावून तोंडात बघतात, तेव्हा आम्ही पेशंटला “सहासष्ट, सत्तावन्न, बावीस” म्हणायला लावा असं कळवतो. वरची कवळी टाळूला थुंकीच्या पातळ थराने चिकटून राहते. खालच्या कवळीला तेवढी जागा नसते, शिवाय जीभ तिला उचलते, म्हणून तक्रारी बहुतेक खालच्याच. शिवाय दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं. पाच-सात वर्षांनी कवळी सैल झाली तर तो कारागिराचा दोष नव्हे. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, वाकडी होते.

वहीत सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव माझ्या आईचं आहे. तिला कीड कधीच लागली नाही. चाळीस वर्षं मिशरी लावली, हिरड्या मागे सरल्या, हाड झिजलं आणि दात एकेक करून हलून गेले. दातांवरचं कीटण काढून घे म्हटलं की म्हणायची, “साफ केल्यानं दात हलतात.” हलत ते आधीपासूनच होते, कीटणाने धरून ठेवलेले. तिची कवळी मी चार वेळा केली. लग्नाला घालते, फोटोपुरती, आणि घरी येऊन वाटीत टाकते. भाकरी कुस्करून खाता येते, तक्रार नाही. परवा मात्र नातीसमोर भडंगाची पुडी ठेवून म्हणाली, “यातले शेंगदाणे तेवढे चावता येऊ देत, मग घालीन.” शेंगदाण्याचे कण कवळीखाली जाऊन टोचतात, सगळ्यांनाच. तिला ते पटत नाही. पाचव्यांदा माप घेतलंय, या वेळी बायकोने.