उत्तर आले, फोड राहिली

‘लाकडाचा चुरा आणि छडीची खूण जिथे भेटतात ते जंक्शन’, आणि पुढे कंसात उत्तरातल्या अक्षरांचा आकडा, चार. गूढ शब्दकोड्यातले हे शोधसूत्र जळगाव-धुळ्याकडच्या माणसासमोर ठेवले, तर हातातला चहाचा कप खाली न ठेवता तो भुसावळ असे उत्तर देतो. पण त्या क्षणी त्याने कोडे सोडवलेले नसते, फक्त उत्तर ओळखलेले असते. लाकडाचा चुरा म्हणजे भुसा, छडीची खूण म्हणजे वळ, दोन्ही शेजारी ठेवले की भुसावळ, आणि ‘जंक्शन’ ही शेवटी उरलेली सरळ व्याख्या, एवढे बोलून दाखवल्यावरच ते सुटले असे म्हणता येते. आमच्या घरात या बोलून दाखवण्याला फोड म्हणतात, आणि गूढ शब्दकोड्यात उत्तरापेक्षा फोडीचा मान मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे.

साध्या शब्दकोड्याला फोड नसते. ‘सूर्य’ असे विचारले की रवी लिहावे किंवा मित्र लिहावे, आणि निकाल उभ्या शब्दावर सोडावा. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात आर्थर विन यांनी जे कोडे छापले आणि जिथून हे सगळे सुरू झाले, ते याच सरळ जातीचे होते. शब्दांच्या खोड्या काढणारा गूढ प्रकार वाढला तो इंग्लंडमध्ये. तिथल्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून कोडी रचणारे एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी टोर्केमादा हे टोपणनाव घेतले, जे पाखंडी ठरवलेल्यांचा छळ करणाऱ्या स्पेनमधल्या धर्मन्यायपीठाच्या कुप्रसिद्ध प्रमुखाचे होते, त्यांच्यामागून आलेल्या झिमेनीझ यांनीही तशाच एका अधिकाऱ्याचे नाव उचलले. सोडवणाऱ्यांविषयी या मंडळींच्या मनात काय होते, ते एवढ्यावरून कळावे.

तरीही न्यायाचा आग्रह धरला तो या झिमेनीझ यांनीच. त्यांच्या परंपरेत चांगल्या सूत्राकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते: अचूक व्याख्या, शब्दखेळाची प्रामाणिक वाट, आणि याखेरीज काहीही नाही. यातली तिसरी अट सर्वांत कठीण आहे आणि ती पाळली गेली की नाही, हे फोड करतानाच उघड होते. ‘बाजारात विकता गडबड झाली, बहिणाबाईंना मात्र सुचली ती (३)’ हे सूत्र वाचायला छान वाटते. ‘विकता’ या शब्दातली अक्षरे गडबडली की ‘कविता’ मिळते आणि आसोद्याच्या बहिणाबाईंना ती सुचत असे, हेही खरेच. मात्र दुकानदाराने रात्री गल्ला जुळवावा तसा प्रत्येक शब्दाचा हिशेब मांडू लागलो, की ‘बाजारात’ आणि ‘मात्र’ हे दोन शब्द कुठल्याच खात्यात बसत नाहीत. ते काढून टाकले, तर सूत्र थोडे रुक्ष होते, पण खरे होते. माझा कौल रुक्षपणाच्या बाजूने आहे. आमच्या मामांचा नाही.

याच उदाहरणात मराठी कोड्याची खरी अडचण आणि खरी मौजही दडलेली आहे. इंग्रजी चौकोनात एक सुटा वर्ण बसतो, तर आपल्या चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसह अख्खे अक्षर बसते. ‘कविता’ची ‘विकता’ होताना वेलांटी ‘व’ला चिकटूनच फिरते, ती सोडवून ‘क’ला लावायची परवानगी नाही. त्यामुळे अक्षरांची उलथापालथ करून दुसरा अर्थपूर्ण शब्द मिळण्याचे प्रसंग आपल्याकडे कमी येतात, आणि जे येतात ते जपून ठेवावेसे वाटतात. दोंडाईचा हे गावाचे नाव घ्या. उच्चारताना त्यात ‘आई’ स्वच्छ ऐकू येते, म्हणून पोटात लपलेल्या शब्दाचे सूत्र रचायला हात शिवशिवतात. पण चौकोनात मांडले की दों, डा, ई, चा अशी चार अक्षरे पडतात आणि ‘आ’ हा ‘ड’च्या कान्यात विरघळून गेलेला असतो. कान एक सांगतो आणि चौकोन दुसरे. झिमेनीझ यांच्या गादीवर १९७२ साली आलेल्या कोडेकारांनी डेझा या आणखी एका धर्माधिकाऱ्याचे नाव रोमन लिपीत उलटे वाचून अझेड हे टोपणनाव सिद्ध केले, ज्यात इंग्रजी वर्णमालेचे पहिले आणि शेवटचे अक्षरही येते. आपल्या नियमाने डेझा उलटवला, तर हाती फक्त झाडे येतात.

फोडीची सवय आपल्याला साहेबाने लावली, असे मात्र कोणी समजू नये. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे त्यावरून कळते. त्या आजोबांनी आपले जन्मवर्ष ‘रसगुणपूर्णमही’ एवढ्या एका समासात सांगून ठेवले आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी आणि ती एकच. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे हा संकेत लावला, की शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ हाती येते. पुढच्याच ओळीत रस आणि गुण पुन्हा येतात, आणि छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचल्याचे कळते. तुकड्यांची जोडणी आणि मग उलटे वाचन, ही दोन्ही हत्यारे आजच्या कोडेकाराचीच आहेत. फरक इतकाच, की आचार्यांना कोणाला फसवायचे नव्हते. ज्याला संकेत ठाऊक आहे त्याच्यासाठी ती सरळ नोंद आहे. गूढ सूत्राला मात्र वाचकाला आधी भलत्याच दाराशी नेऊन उभे करावे लागते.

‘शाळेच्या सभेला बोलावतात ती भाजी (३)’ हे सूत्र तसे आहे. भाजी सभेला कशी जाईल, या विचारात माणूस अडकतो, आणि अडकला नाही तर सूत्र फुकट गेले. पालक हा शब्द दोन्हीकडून लागू पडतो, एवढीच त्याची फोड. अशा वेळी फोड करणाऱ्याने आवरते घ्यावे. ‘आते समजनं’ असे समोरचा म्हणाला, की तिथे थांबावे. विनोद समजावून सांगणाऱ्यासारखा कंटाळवाणा माणूस दुसरा नसतो. मामा पालकाच्या फोडीवर अर्धे पान लिहितात आणि शेवटी भाजीचे औषधी गुणही जोडतात.

पण त्यांचा एक आक्षेप मला मान्य करावा लागतो. ‘गरीब माघारी फिरला, तर तापीच आडवी आली (२)’ या सूत्रात गरीब म्हणजे दीन, तो माघारी फिरला की नदी. मामांचे म्हणणे असे, की तापी ही नदी आहे, पण नदी म्हणजे तापी नव्हे. उदाहरणाला व्याख्या म्हणून उभे करायचे असेल, तर निदान प्रश्नचिन्ह तरी द्यावे. इंग्रजीतले कडक कोडेकारही नेमके हेच मागतात. म्हणून आता ते सूत्र ‘गरीब माघारी फिरला, तर आडवी आली तापी? (२)’ असे झाले आहे. ते वाचून गिरणाकाठी राहणाऱ्या आत्याने गिरणा का चालली नाही, असे विचारले आहे. फोडीच्या दृष्टीने गिरणाही चालते, आणि पांझरासुद्धा; तसे मी तिला कळवले आहे.