लुबान आणि डिकी

आज चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलो. लेक वाळूत पाय पुरून म्हणते, "बाबा, इथं देवमासा येतो काय?"

येतो की! 2017 मध्ये ओमानजवळ सॅटेलाइट टॅग लावलेली लुबान नावाची हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली होती. इतर हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे चरायला आणि हिवाळ्यात उबदार पाण्यात विणीला जातात. अरबी समुद्रातले मात्र बारा महिने इथलेच. पिल्लू जवळजवळ वर्षभर पोटात.

"लुबान म्हणजे धुपातला लोबान?" आई मागच्या सीटवरून. (शब्द अगदी तोच!)

कणकुंबीला चहा. त्याआधी चेकनाक्यावर डिकी उघडायला लावली. लेक पुटपुटली, "लुबानला कोण अडवलं नसेल न्हवं?"

डिकीत निघाले बांगडे आणि ओला टॉवेल.