केमोच्या खुर्चीशेजारी

मंगळवार, रात्री

आज काकांनी रंगपेटी बघितली आणि तोंड फिरवलं. "मला काय बालवाडीत घातलंय का?"

त्यांचं काही चुकलं नाही. ज्या माणसाने उभं आयुष्य बस चालवली, रोज पन्नास जणांचा जीव हातात धरून घाट उतरवला, त्याच्यापुढे मेणखडू ठेवून "काहीही काढा, बरं वाटेल" म्हणणं म्हणजे अपमानच. मोठ्या माणसाला 'काहीही' काढता येत नाही. कोरा कागद बघून त्याला चित्रकलेचा तास आठवतो आणि तेव्हा मिळालेले शेरे आठवतात. त्यात हाताला सुई, डोक्यावर थेंबाथेंबाने रिकामी होणारी बाटली, शेजारच्या खुर्चीत कोणीतरी ओकारी दाबत बसलेलं.

मी रंगपेटी मिटून पिशवीत टाकली आणि विचारलं, "काका, तुमचा सगळ्यात अवघड रूट कुठला होता?"

जरा वेळ गप्प बसले. मग पेन मागितलं. उजव्या हाताला सलाईन असल्यामुळे डाव्या हाताने रेघ ओढायला लागले. रेघ थरथरत गेली, पण घाटरस्ता तसाही सरळ नसतोच. इथे दरड कोसळायची. इथे ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, गिअर उतरवायचा. या वळणावर हॉर्न दोनदा. या थांब्यावर शाळेची एक पोरगी रोज उशिरा यायची, तिच्यासाठी गाडी थांबवून ठेवायची आणि डेपोत जाऊन बोलणी खायची. "पुढे ती नर्स झाली म्हणे," एवढं सांगून काका पुन्हा पेन टेकवून बसले. कागद पुरेना, मी दुसरा चिकटवून दिला. बाटली संपेपर्यंत आजाराचं नावही निघालं नाही.

सिस्टर सुई काढायला आल्या तेव्हा त्यांनाही सगळी वळणं समजावून सांगणं चाललं होतं.

कॅन्सरच्या पेशंटशेजारी बसून चित्रं काढू द्यायची, गोष्टी ऐकायच्या, या माझ्या स्वयंसेवकाच्या कामाबद्दल कोणी विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे तुम्ही पेशंटना आजाराचा अर्थ शोधायला मदत करता का? मी सरळ नाही म्हणते. पेशींची वाढ बिघडते, त्याला कारणं असतात, कधी ती कळतात, कधी कळत नाहीत. पण त्यात माणसासाठी काही निरोप दडलेला असतो असं मला वाटत नाही. 'मलाच का' या प्रश्नाशी माणूस रात्र रात्र झगडतो आणि सकाळी आणखी थकलेला असतो. चित्र आणि गोष्ट एवढंच करतात की त्या प्रश्नाची जागा थोडी सरकवतात. मला काय झालंय याच्याऐवजी मी कोण होतो, कोण आहे, कोणाचा आहे, असं काहीतरी समोर येतं. फाइलवर काकांचा नंबर आहे, निदान आहे, स्टेज आहे. तो घाट मात्र फाइलमध्ये कुठेच नाही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधले मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट यांनी नाझी छळछावणीतून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांवरून एक गटउपचार बसवला, आठ बैठकांचा. आजाराला नव्हे, जगण्याला अर्थ कुठून मिळतो याचे चार झरे त्यात धरले आहेत. माणसाचा मागचापुढचा इतिहास, संकटाकडे बघण्याची त्याची तऱ्हा, त्याने हाताने आणि कामाने घडवलेलं, आणि प्रेम, निसर्ग, विनोद असं नुसतं अनुभवलेलं. २०१५ साली त्यांच्या चमूने २५३ पेशंटवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे. नेहमीच्या आधारगटातल्या लोकांपेक्षा या गटातल्या लोकांची निराशा जास्त कमी झाली, लवकर मरण यावं ही इच्छाही जास्त ओसरली. चिंतेत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मला हा शेवटचा भाग फार विश्वासाचा वाटतो. पुढचा स्कॅन समोर असताना चिंता कशी जाईल?

काका कुठल्या झऱ्यावर बसले होते ते सांगायला नकोच. त्यांना मी यातलं काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी पेनही खाली ठेवलं असतं.

बुधवार

नव्याने येणाऱ्या स्वयंसेवक मुलांसाठी साहित्याची यादी करायला सांगितलीय. यादीपेक्षा कारणं लिहून ठेवते.

उग्र वासाचे रंग आणि मार्कर आणायचे नाहीत, केमोच्या दिवशी नुसत्या वासाने पोटात ढवळतं. पेन्सिली जाड हव्यात. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी बोटं बधिर होतात, बारीक पेन्सिल हातातून निसटते आणि माणसाला वाटतं आपल्याला साधं धरताही येईना. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असलेल्यांना गार वस्तू लागली तरी झिणझिण्या येतात, तेव्हा ओली गार माती त्यांच्या हातात द्यायची नाही, ब्रश बुडवायचं पाणीही कोमटच ठेवायचं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर दुसऱ्याने हाताळलेलं सामान नको, कागद नवा, खडू नवे. आणि कोणाचा शब्द मध्येच हरवला तर तो लगेच पुरवायचा नाही. थांबायचं. सापडतो बहुतेक वेळा, आणि नाही सापडला तर वळसा घालून गोष्ट पुढे जाते.

"वा, किती सुंदर!" हे वाक्य बंद. याचं कारण लिहायला आज डोळे उघडे राहत नाहीत.

गुरुवार

कालचं कारण आज आपोआप मिळालं.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक मुलगी असते, विशीतली. आज तिने स्वतःहून काळा खडू मागितला आणि कागद भरायला घेतला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकावर एक थर, कागद फाटेपर्यंत दाबून. आई शेजारी बसलेली. दोन-तीनदा म्हणाली, "अगं, काहीतरी चांगलं काढ ना. फुलं काढ." मुलीने वरही बघितलं नाही. आईने मग माझ्याकडे बघितलं, तुम्ही तरी सांगा अशा नजरेने.

मी फाटलेल्या कागदाखाली दुसरा कागद सरकवला. तिने तोही काळा केला.

समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक स्वतः कॅन्सरमधून गेलेले. आजारी माणसं सांगतात त्या गोष्टींचे त्यांनी तीन प्रकार मांडले आहेत. एक, मी आजारी पडलो, आता बरा होणार. दुसरी गोंधळाची, जिला सुरुवात-शेवट काही नसतो, नुसतं 'आणि मग, आणि मग'. तिसरी शोधाची, या वाटेवर मला काहीतरी गवसलं अशी. ऐकणाऱ्यांना पहिली आवडते, तिसरी तर फारच आवडते, भाषणात सांगता येते. दुसरी कोणाला ऐकवत नाही. आम्हा स्वयंसेवकांनाही नाही. समोर गोंधळ मांडला गेला की आमचे हात शिवशिवतात, कधी एकदा त्यातून काहीतरी उजळ काढतो असं होतं. पेशंटच्या गळ्यात तिसऱ्या प्रकारची गोष्ट बांधण्याची ही घाई मला या क्षेत्रातली सगळ्यात मोठी खोड वाटते. 'लढवय्यी' म्हणणंही त्यातलंच. लढाई म्हटलं की हरणारा आला, आणि औषध लागू पडलं नाही तर ती हारही पेशंटच्याच माथी. अमेरिकन लेखिका सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ सालीच हे खडसावून लिहिलं होतं, तेही स्वतः कॅन्सरच्या उपचारांतून गेल्यावर.

नंतर जिन्याजवळ आई भेटली. रडत होती. म्हणाली, "ताई, घरी ती सारखी हसत असते हो. माझ्यासाठी." म्हणजे फुलं रोज घरी निघतच होती. काळा खडू इथेच हातात घेता आला. मी तिला बसवलं आणि तिलाही एक कागद देऊ का विचारलं. नको म्हणाली. पुढच्या वेळी पुन्हा विचारेन.

शुक्रवार

वार्षिक अहवालात फ्रेंच चित्रकार मातीसचं उदाहरण घालायचंय असं वरून आलं. पुन्हा मातीस! १९४१ साली पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, त्यानंतर आयुष्याचा बराचसा भाग अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत, आणि तरी रंगीत कागद कापून केलेली ती अफाट चित्रं, १९५१ मध्ये पूर्ण झालेलं, फ्रान्समधल्या व्हान्स गावचं त्याने सजवलेलं प्रार्थनाघर. सगळं खरं आहे. पण तो आधीपासून मातीस होता, हे आपण पेशंटला सांगायचं विसरतो. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंना हे ऐकून उभारी येण्याऐवजी ओझं वाटण्याचा संभव जास्त.

मला त्यातली दुसरीच गोष्ट घ्यावीशी वाटते. ईझलपुढे उभं राहणं होईना, तर त्याने कात्री घेतली. कागद मदतनीस रंगवून देत, भिंतीवर लावतही तेच, कुठे लावायचे ते तो सांगे. भिंतीवर चित्र काढायचं तर लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधला. शरीराला जेवढं जमतंय तेवढ्यातून पद्धत नव्याने बसवायची आणि मदत घ्यायला लाजायचं नाही. काकांचा डावा हात त्याच जातीचा. अहवालात एवढंच लिहून पाठवलं. छापतील की नाही कोण जाणे.

अहवालाला आकडेही हवे होते. शिकागोतल्या एका रुग्णालयाचा २००६ सालचा अभ्यास सगळे देतात: कॅन्सरच्या ५० पेशंटनी एक तास चित्रकाम केलं आणि मोजलेल्या नऊ त्रासांपैकी आठ कमी झाले, थकवा आणि वेदनासुद्धा. मळमळ तेवढी जागच्या जागी. वाचायला गोड वाटतं, पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. एक तास कोणी नुसतं शेजारी बसलं असतं तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही. आकडा दिला आणि ही ओळही खाली लिहिली.

रविवार, दुपारी

मावशींचं लिखाण आज पुरं झालं. निदान मला तसं वाटत होतं.

हे काम चित्रापेक्षा वेगळं. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी आयुष्याच्या अखेरीस आलेल्या लोकांसाठी ही पद्धत घडवली, डिग्निटी थेरपी, म्हणजे माणसाची प्रतिष्ठा जपणारा उपचार. ठरावीक प्रश्न असतात, पण ते नुसते दार उघडायला. कधी सगळ्यात जिवंत वाटलं होतं? कुठली कामं, कुठली नाती तुम्हाला महत्त्वाची? कोणाला काही सांगायचं राहिलंय का? बोलणं रेकॉर्ड करायचं, काही दिवसांतच लिहून काढायचं, पुढचंमागचं नीट लावायचं आणि मग त्या माणसाला वाचून दाखवायचं. तो सांगेल ते खोडायचं, सांगेल ते घालायचं. शेवटी कागद त्याचा, त्याला हवा त्याला द्यावा.

२०११ मध्ये याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मानसिक त्रासाच्या मोजपट्ट्यांवर इतर दोन प्रकारच्या काळजीच्या तुलनेत फारसा फरक आला नाही. पण स्वतः पेशंटना विचारलं तर याचा उपयोग झाला, आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखी वाटली, घरच्यांनाही याची मदत होईल, असं म्हणणारे इथेच जास्त निघाले. काही जण यावरून म्हणतात, म्हणजे ठोस काही सिद्ध झालं नाही. मी म्हणते, मोजपट्टी दुःखाची होती आणि मिळालेली वस्तू वेगळी होती.

वाचन ही यातली खरी जागा. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस दचकतो. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. लहानपणच्या विहिरीपाशी हसल्या. धाकट्या जावेशी झालेल्या भांडणापाशी आल्यावर हात वर केला. "हे काढ."

"सगळं?"

"नाही. मी तिला काय बोलले ते काढ. ती मला काय बोलली ते राहू दे." मग स्वतःच हसायला लागल्या, खोकला लागला, पाणी दिलं. जरा वेळाने म्हणाल्या, "दोन्ही काढ. आणि लिही की तिच्या हातची गोधडी अजून माझ्या अंगावर आहे."

माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम ते होतं. त्या भांडणात कोण बरोबर होतं ते आता कुठेच लिहिलेलं नाही. गोधडी मात्र लिहिली गेली, आणि काय ठेवायचं ते मावशींनी ठरवलं. औषध कुठलं, तारीख कुठली, उपाशी कधी राहायचं, हे सगळं गेलं वर्षभर दुसरेच ठरवत आलेत.

एका गोष्टीवर अडलं होतं. हे मुलीला कधी द्यायचं? मी काही सुचवलं नाही. काही लोक पाकीट बंद करून ठेवतात, नंतर द्या म्हणतात, तेही ठीकच. मुलगी शेवटच्या पानावर आहे, थोडं कडक आहे ते. तिच्या लग्नाबद्दल, मावशींनी तेव्हा न बोललेलं.

आज मावशींनी निकाल दिला. "आत्ताच देते. तिला काही पटलं नाही तर भांडायला मी हवी ना समोर."

तर उद्या प्रिंट काढायची. अक्षर मोठं हवं, चष्मा लागत नाही नीट. आणि दोन प्रती, कारण दुसरी धाकट्या जावेला जायची आहे.