कुड्या काढून ठेवा

"काकू, कुड्या काढून ठेवता का? नाहीतर सील बसणार नाही."

विशी-बाविशीचा मुलगा होता, अगदी नम्रपणे म्हणाला. लग्नामुंजीला निघताना 'कुड्या घाल गं' ऐकत मी मोठी झाले. 'काढा' म्हणणारा आजवर फक्त एमआरआयवाला भेटला होता. सील म्हणजे काय, तर हेडफोनची कानाभोवतीची गादी चारी बाजूंनी नीट टेकली पाहिजे. फट राहिली की खर्ज पातळ होतो. म्हणून कुड्या नकोत, चष्म्याची काडी नको, कानावर आलेले केससुद्धा नकोत. हे महागडे हेडफोन बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण माणूस असतो कोण जाणे. चष्मा नाही, दागिना नाही, केस नाहीत. म्हणजे संन्यासीच की. किमती मात्र सात पिढ्यांची इस्टेट असलेल्याला परवडाव्यात अशा.

भाच्यानं मला ओढून नेलं होतं. कोथरूडमधल्या एका सोसायटीचं क्लबहाउस, एप्रिलमधला रविवार, टळटळीत दुपार. एरवी जिथे मेंटेनन्स आणि पार्किंगवरून खडाजंगी होते त्याच टेबलांवर हेडफोन, अँप (म्हणजे आवाजाला जोर देणारा डबा) आणि डॅक (डिजिटल गाण्याचं आवाजाच्या विजेत रूपांतर करणारी डबी) मांडले होते. ज्यानं त्यानं आपापलं आणायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, आपलं ऐकवायचं आणि 'घाई नाही, निवांत ऐका' म्हणत शेजारी अस्वस्थ उभं राहायचं. पंखे बंद. ओपन-बॅक हेडफोनला मागच्या बाजूनं जाळी असते, आतलं बाहेर जातं नि बाहेरचं आत येतं. पंख्याची घरघर म्हणजे त्यात पापच. त्यामुळे सगळे मखमली गाद्या कानांना लावून आपखुशीनं घामाघूम होत बसले होते. वॉचमन दोनदा डोकावून गेला.

मला आधी सेनहायझरचा एचडी ६०० दिला. १९९७ सालचं मॉडेल, अजून निघतं, आणि त्याच्याबद्दल ही मंडळी घरातल्या थोरल्या जाऊबाईंबद्दल बोलावं तशी बोलतात: नवं कितीही येवो, त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. त्याचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम. नुसता मोबाइलला जोडला तर आवाज येतो पण दबका, अंगात जोर नसलेला, म्हणून अँप हवा. पलीकडच्या टेबलावर जपानी स्टॅक्स कंपनीचा हेडफोन होता. त्याच्यातला पडदा मायक्रॉनांत मोजायचा, आणि तो काम करतो ५८० व्होल्टच्या बायसवर, म्हणजे पडद्याला कायम दिलेल्या विजेच्या दाबावर. कानाला लावायच्या आधी मी विचारून घेतलं, शॉक बसणार नाही ना. सगळे हसले. त्यांच्यातला एक जरा कमी हसला.

गर्दी मात्र होती ती एका निवृत्त इंजिनियर गृहस्थांच्या टेबलाभोवती. त्यांनी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप स्वतः बांधला होता. ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेतल्या वायंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतलेला, डबा घरीच पत्रा कापून केलेला, आणि बटणाला कुठल्याशा जुन्या रेडिओची नॉब. चालू केला की लगेच काही नाही. मग काचेच्या पोटात तांबूस तार दिसायला लागते, गरम धुळीचा वास येतो आणि आवाज लांबून चालत आल्यासारखा येतो. त्या वासासरशी मी आमच्या माजघरात, रेडिओवरच्या विणलेल्या रुमालापाशी जाऊन पोचले होते. पण गृहस्थांनी परत आणलं. "आता गंमत बघा," म्हणाले. त्यांनी मल्टिमीटर काढला. एकच सूर दोन वेगवेगळ्या अँपांतून सोडून दोन्हींचे व्होल्टेज अगदी सारखे केले. कारण किंचित मोठा आवाज कानाला 'मोठा' लागत नाही, 'चांगला' लागतो. अँपांबद्दलचे अर्धे साक्षात्कार तिथे होतात. मग एका मुलाला पाठमोरं बसवलं आणि ते वायर बदलत राहिले. ते दोन्ही अँप ट्रान्झिस्टरचे, एक दुसऱ्याच्या दहापट किमतीचा. मुलाला ओळखता येईना. महागड्या अँपचा मालक चहा आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. व्हॉल्व्हचा मात्र ओळखू आला. हे अँप खर्ज थोडा फुगवतात. तो दोष, असं गृहस्थ स्वतःच म्हणाले आणि पुन्हा तोच हेडफोन लावून बसले. हेडफोन बदलला की मात्र गाणारी बाईच बदलल्यासारखी वाटते, त्याला मल्टिमीटर लागत नाही. तेव्हा पैसे घालायचेच तर तिथे घालावेत, अँपात नव्हे, असं माझं मत झालं. विचारलं कोणी नाही.

परीक्षेची गाणी ठरलेली असतात म्हणे. ती सगळी परदेशी: ढोल, डबल बास, एक कुजबुजणारी बाई. मी म्हटलं, तंबोरा लाव. भाचा म्हणाला, "मावशी, तंबोऱ्यात ऐकायचं काय?" हा मुलगा नारायण पेठेत जन्मला आहे.

त्याच नारायण पेठेत, एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर, मी गाणं शिकायला जायची. लाकडी जिना, चौथी पायरी खचलेली, सगळ्या मुली ती न बघता ओलांडायच्या. आमच्या बाई पहिली दोन वर्षं गाण्यापेक्षा तंबोराच जास्त शिकवायच्या. पंचम, मधला जोड, खर्ज. खुंटी पिळायची ती जपून, मग मणी सरकवायचा, मग घोडीवर तारेखाली दोरा. दोरा म्हणजे आपला शिवणाचा, पण तो तांदळाच्या दाण्याच्या चौथाईइतका इकडचा तिकडे झाला की तार एकदम मुकी तरी होते किंवा बोलायला तरी लागते. बोलायला लागली की खर्जाच्या तारेतून गंधार निघतो. कुणीही न लावलेला. त्या तारेचा पाचवा स्वरांश म्हणजे गंधार, हे मला पुष्कळ पुढे कळलं, बाईंचं शास्त्र एवढंच होतं, "अगं, गंधार कुणी लावत नाही. नीट लावलंस तर तो येतो. वाट बघ." मला तो ऐकूच येईना. इतर मुली माना डोलवायच्या, खरं-खोटं देव जाणे. एके दिवशी बाईंनी माझं डोकं धरून कान दांडीला टेकवला. लाकूड गार होतं आणि त्याला खोबरेल तेलाचा वास होता, आमच्याआधी कान टेकवलेल्या मुलींच्या केसांचा. आणि गंधार कानात नाही, दातांत आला. मी दचकून मान काढून घेतली तर बाई म्हणाल्या, "पळतेस काय? आला ना?"

तर क्लबहाउसात तंबोरा लावला, एका जुन्या मैफिलीच्या सुरुवातीचा. तबल्यावर हातोडी पडत होती, डावीकडे कुणी खोकलं, कुणीतरी पितळी भांडं खाली ठेवलं. आणि गंधार. वाट बघायची गरजच नाही, ताटात वाढल्यासारखा समोर. सगळं इतकं स्वच्छ, की मला थोडं उघडं पडल्यासारखं वाटलं. मला गाणं जरा मळकंच आवडतं. खोलीतलं, माणसांतलं, रस्त्यावरची रिक्षा मध्येच आलेलं. ही माझी खोड आहे आणि तिच्यासाठी कुठलाही हेडफोन निघालेला नाही.

समोरच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी डोळे मिटले होते. एकाएकी ते "वा! क्या बात है!" असे ओरडले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे दाद थेट पार्किंगपर्यंत गेली. पण दाद घेणार कोण? शेजारचा डबल बासमध्ये बुडालेला, त्याच्या पलीकडचा कुजबुजणाऱ्या बाईत. एवढी माणसं एका खोलीत गाणं ऐकत होती आणि गाणं कुणाचंच एक नव्हतं. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई सुरू केला, त्या मांडवातली अर्धी मजा म्हणजे सम आल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघणं. ओळख नसते, दुसऱ्या दिवशी भाजीत भेटलो तर ओळखही देणार नाही, पण त्या क्षणी त्याला सांगायचं असतं, की ऐकलंत ना?

सोनीच्या अकिओ मोरिता यांना हे कळलं होतं. वॉकमनचा नमुना ते घरी घेऊन गेले आणि कानाला लावून बसले, तर बायको वैतागली. तिला अगदीच वगळल्यासारखं वाटलं. म्हणून १९७९ सालच्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. पुढे ते बटण गेलं. लोकांना बोलायचं नव्हतं.

शेवटी भाच्यानं सगळ्यांची परीक्षा घेतली. लॅपटॉपवरून एक शिट्टी वर वर चढत जाते आणि ऐकू येईनाशी झाली की हात खाली करायचा. कॉलेजची मुलं सोळा हजार हर्ट्झच्याही वर गेली. ज्यांनी अँप बांधला त्या गृहस्थांचा हात अकरा हजारांच्या आसपास खाली आला. "वरचं मी ग्राफवर बघतो," ते म्हणाले, काहीच झालं नसल्यासारखे. माझा हात त्यांच्या आधी खाली आला होता.

बाईंना शेवटी शेवटी यंत्र लागलं. दोन्ही कानांना, चांगल्यातलं, इथल्या बऱ्याच हेडफोनांहून महाग. ती यंत्रं बनतात बोलणं कळावं म्हणून. गाण्याचे बारीक चढउतार ती सपाट करतात. मी भेटायला गेले तेव्हा तंबोरा भिंतीशी गवसणीत होता. "माणसांशी बोलायला बरं आहे गं," बाई म्हणाल्या. "पण तंबोरा पत्र्याचा वाटतो." दांडीला कान लावून बघितला का, असं विचारायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. त्या यंत्रांचं असं संमेलन कोणी भरवत नाही, की या, बसा, हे लावून बघा, ते लावून बघा, निवांत ऐका.

माझी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. हल्ली घरात दोनदा 'काय?' म्हणते, तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवते. तिथला आलेख आठ हजार हर्ट्झला संपतो. त्यापुढचं डॉक्टर विचारत नाहीत. भाचा सोबत येतो म्हणालाय. त्याला तिथले हेडफोन कुठल्या कंपनीचे आहेत ते बघायचंय.