तुम्ही विचारलंत म्हणून: शिकायला वेळ कुठून काढायचा?

"शेती, वर नोकरी, घरातलं सगळं... यात नवीन काही शिकायला वेळ कुठून काढायचा?" मोंढ्यावर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या पालकसभेत मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला अपेक्षित उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं: पहाटे चारला उठा, नाहीतर रोज रात्री एक तास बसा. मी ते उत्तर देत नाही, कारण आपल्या मराठवाड्यात ते टिकत नाही. रोज एक तास हा हिशेब ज्याचे सगळे दिवस सारखे असतात त्याचा आहे. आपल्याकडं पेरणीचा दिवस आणि चैत्रातला दिवस यांची बरोबरी होत नाही. पेरणीत माणूस चौदा तास रानात असतो, चैत्रात दुपारभर पारावर असतो. वेळ दिवसात शोधला तर तो सापडत नाही, वर्षात शोधला तर भरपूर सापडतो.

एक साधं काम करा. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि आपल्या पिकांप्रमाणे त्यावर खुणा करा. सोयाबीनवाल्याचं वर्ष असं दिसेल: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की पेरणी, म्हणजे मधल्या जूनपासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. पेरणीनंतर १५-२० दिवसांनी पहिली कोळपणी, ३०-३५ दिवसांनी दुसरी. फुलोरा लागला की कोळपं चालवत नाहीत, मुळ्या तुटतात आणि फूल गळतं. इथून पुढं काढणीपर्यंत फवारण्या आणि देखरेख सोडली तर रानाला तुमची फारशी गरज नसते. श्रावण-भाद्रपदातला हा दीड महिना लोकांच्या लक्षातच येत नाही. मग काढणी, रास, लगेच हरभरा आणि ज्वारी. डिसेंबरात थोडा श्वास, तूर आली की पुन्हा धावपळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची काढणी, आणि एप्रिल-मे मोकळे. कापूसवाल्याची वेचणी दिवाळीपासून पुढं लांबते, त्याच्या खुणा वेगळ्या येतील. उसाला पाणी देणाऱ्यानं ज्या आठवड्यात रात्रीची लाईट असते तो आठवडा सरळ खोडून टाकावा. रात्रभर दारं धरून सकाळी वही उघडायची जबरदस्ती स्वतःवर करू नये, त्या सकाळी झोपावं.

या खुणा केल्या की काही चुका आपोआप टळतात. दहावी राहून गेलेले बरेच जण १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरतात आणि परीक्षा जवळ आली की अभ्यास करू म्हणतात. परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन हरभरा आणि ज्वारीच्या काढणीत. त्या वेळी पुस्तक हातात येणं शक्य नाही. म्हणून गणित आणि इंग्रजी श्रावण-भाद्रपदात संपवायचं, बाकीचे विषय नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि जानेवारीत फक्त जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायच्या. नापास होणाऱ्यांत बुद्धी कमी असलेले थोडे आणि महिने चुकलेले जास्त, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट शिणाची. अंग शिणणं आणि डोकं शिणणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांना वेगळं काम द्यावं लागतं. दिवसभर खुरपलेल्या माणसाला रात्री वाचायला बसवलं तर तिसऱ्या ओळीला डोळा लागतो. त्यात आळस काही नाही. पण त्याच माणसाचे कान दिवसभर रिकामे होते. तोडणी, निंदणी, शेंगा निवडणं, जनावरं राखणं अशा कामात ऐकता येतं: परभणी आकाशवाणीचे कार्यक्रम, भाषेचे धडे, एखाद्या पिकावरचं व्याख्यान. आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, रेंज नसते, म्हणून गावातून निघण्याआधी मोबाईलमध्ये उतरवून घ्या. एकाच विषयाचे तीन-चार भाग पुरे, पन्नास भरले की एकही ऐकला जात नाही. मात्र मळणीयंत्र, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी यांच्याजवळ कानात काही घालायचं नाही. पट्टा घसरल्याचा आवाज आधी कानाला कळतो, डोळ्याला नंतर. रात्री पाणी द्यायला जातानाही कान उघडेच ठेवा.

उलट शाळेत, बँकेत, तहसीलमध्ये दिवसभर कागद आणि माणसं हाताळणाऱ्याचं डोकं शिणलेलं असतं. त्यानं घरी येऊन पुन्हा स्क्रीनपुढं बसून "काहीतरी नवीन" शिकायचं ठरवलं तर ते आठवड्यात बंद पडतं. त्याला हाताचं काम हवं. अशांना मी आंब्याची कलमं बांधायला शिका असं सांगते. मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, घरोघरी बांधावर गावरान कोयींची रोपं उगवतात, आणि हे काम ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत जमतं, म्हणजे नेमकं त्या न दिसणाऱ्या दीड महिन्यात.

रीत अशी. खुंट म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीचं निरोगी गावरान रोप निवडायचं. कलमकाडी चांगल्या, फळं देणाऱ्या झाडाची, तीन-चार महिने वयाची, खुंटाएवढ्याच जाडीची, १० ते १५ सेंटिमीटर लांब. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. देठ गळून पडतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. असा फुगलेला पण न फुटलेला डोळा असेल तीच काडी घ्यायची. खुंटाचा शेंडा कोवळ्या भागात आडवा छाटून मधोमध ४-५ सेंटिमीटर उभी चीर द्यायची. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरपे काप घेऊन पाचर करायची, चिरेत बसवायची आणि दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट गुंडाळायची. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे, कारण जोड तिथंच धरतो, मधल्या लाकडात धरत नाही. वरून पातळ प्लास्टिकची अरुंद नळी टोपीसारखी घालायची म्हणजे काडी सुकत नाही. दोन-तीन आठवड्यांत डोळा हलतो, तेव्हा टोपी काढायची. पट्टी मात्र दोन-तीन महिने ठेवायची.

बिघडतं कुठं? सगळ्यात जास्त चाकूत. बोथट पात्यानं काप सरळ येत नाही, मध्ये पोकळी राहते आणि तिथं कुजतं. म्हणून पहिले आठ दिवस आंब्याला हात लावूच नये. पेरूच्या, कडुनिंबाच्या छाटलेल्या काड्यांवर नुसत्या पाचरी कापायचा सराव करावा. दोन्ही काप एका-एका ओढीत, लाटा न उठता आले की मग खरं कलम. कापलेल्या भागाला बोट लागलं की घाम आणि माती जाते. काप घेतल्यावर गप्पा मारत बसलं की चीक वाळतो. पट्टी सैल राहिली की पावसाचं पाणी चिरेत उतरतं. आणि कलम धरल्यावर खुंटाला जोडाखाली फुटवे येतात, ते काढायला विसरलं तर सगळं अन्न गावरान फुटव्यालाच जातं आणि वर्षभरानं लोक म्हणतात, केसर लावला होता, गावरान निघाला. पहिल्या हंगामात निम्मी कलमं गेली तरी वाईट वाटून घेऊ नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून एखाद्या जाणत्या माळ्याच्या शेजारी उभं राहून एक सकाळ बघितलं तर बोटांना जे कळतं ते व्हिडिओतून कळत नाही.

झड लागली की रानात पाय घालता येत नाही, वाफसा येईपर्यंत दोन-तीन दिवस सक्तीची सुट्टी असते. ही सुट्टी आधी सांगून येत नाही, म्हणून तिच्यासाठी काम आधीच ठरवून ठेवावं लागतं. ठरवलं नसेल तर ती मोबाईलवर बोट फिरवण्यात जाते, आणि डोळे दुखण्यापलीकडं काही उरत नाही. "झडीची कामं" म्हणून चार ओळींची चिठ्ठी दाराच्या मागं चिकटवा: सातबारा आणि आठ अ हे जमिनीचे कागद नीट वाचून समजून घेणं, माती परीक्षणाचा कागद वाचणं, मागच्या वर्षीचा खर्च जोडणं, मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला विजेचा धडा वाचून मग स्टार्टरची आकृती बघणं. आकृतीच बघायची, ओल्या हातानं पेटी उघडायची नाही.

वाचनाबद्दल लोक फार लवकर हार मानतात. "आम्हाला वाचन जमत नाही" म्हणणाऱ्यांना मी गावच्या सप्ताहाची आठवण देते. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, साधारण नऊ हजार ओव्या, आणि पारायणाला बसलेली साधी शेतकरी माणसं सात दिवसांत त्या पूर्ण करतात. रोजच्या तेराशेच्या आसपास ओव्या झाल्या! पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि त्यातच घरची गुरं-वासरंही सांभाळतात. हे जमतं कारण जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, सोबत माणसं असतात, पुढं व्यासपीठचालक असतो, आणि शेवट कधी आहे हे पहिल्या दिवशी माहीत असतं. श्रद्धा तर असतेच, पण ही बांधणी नसेल तर नुसत्या श्रद्धेनंही नऊ हजार ओव्या होत नाहीत.

हीच बांधणी उचला. एप्रिल-मेमध्ये पाच-सात जण मिळून सात दिवसांचा एक विषय घ्या: संगणकावर हिशेब लिहिणं, ठिबकची जोडणी आणि सफाई, इंग्रजी अर्ज वाचणं, काहीही. जागा समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा. वेळ सकाळी सहा ते साडेआठ, कारण अकरानंतर आपल्या उन्हात डोकं चालत नाही. तारखा धरण्याआधी पंचांगात लग्नतिथी बघा. दाट तिथीच्या आठवड्यात ठेवलं तर तिसऱ्या दिवशी निम्मे जण वऱ्हाडात असतात. चालवणारा एकच माणूस असू द्या आणि त्याला बदली माणूसही ठरवून ठेवा. सातव्या दिवशी प्रत्येकानं शिकलेलं करून दाखवायचं. महिनाभराचे वर्ग पंधराव्या दिवशी ओस पडतात, सात दिवसांचे पडत नाहीत.

रोज करण्यासारखी मी एकच गोष्ट सांगते: नोंदवही. २०० पानी साधी वही, झोपण्याआधी तीन ओळी. आज काय काम झालं, किती माणसं आणि किती खर्च, पाऊस किती. रकाने जास्त आखू नका, आठ रकान्यांची वही आषाढीपर्यंतच टिकते. पाऊस मोजायला तोंड आणि पोट सारख्याच रुंदीचं, सपाट बुडाचं भांडं उघड्यावर ठेवा आणि सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मोजा. निमुळत्या बाटलीत आकडा चुकतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी. हे एकदा कळलं की "बरा पडला" आणि "बारा मिलिमीटर पडला" यांतला फरक अंगात मुरतो, आणि पेरणीची घाई करायची की थांबायचं हे शेजाऱ्याचं बघून ठरवावं लागत नाही. दोन हंगामांच्या नोंदी हाताशी आल्या की एकरी खर्च आणि उतारा शेजारी शेजारी मांडा. कुठलं पीक सोडायचं, कुठली फवारणी वाया गेली, हे त्या दोन पानांवर दिसतं.

आता जे कमी विचारलं जातं ते. वर्षात वेळ शोधा हे मी वर म्हटलं, ते घरातल्या बाईला लागू होत नाही. तिच्या भाकरीला हंगाम नाही, धारेला नाही, पाणी भरण्याला नाही. झडीत पुरुष ओसरीवर बसतो तेव्हा तिचं ओल्या सरपणाचं आणि वाळत न येणाऱ्या कपड्यांचं काम वाढलेलं असतं. तिला "तूही शिक" म्हणणं सोपं आहे. वेळ मात्र कुणीतरी दुसऱ्यानं काम उचलल्याशिवाय निर्माण होत नाही. म्हणून घरात बसून नावानिशी वाटा: मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळची धार मुलगा काढेल, त्या दोन दिवशी स्वयंपाक खिचडीचा आणि तो सासरे किंवा नवरा करेल, पाणी आलं की भरायचं काम मुलीवर एकटीवर टाकायचं नाही. आठवड्यातले दोन दिवस, दीड-दीड तास. बचत गटाच्या बैठकीला जोडून हा वेळ ठेवला तर घरातून बाहेर पडायला कारणही मिळतं. "जमेल तेव्हा मदत करू" असं मोघम ठरलं तर पहिल्याच पाहुण्यापाशी सगळं मोडतं.

आणि विश्रांती. शिकण्याच्या हौसेपायी ती खाऊ नका. लातूर-धाराशिवकडं येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं गाव रानात जातं, भज्जी, उंडे, आंबील होतं आणि त्या दिवशी कुणी कामाचं बोलत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. असे दिवस कॅलेंडरवर आधी रंगवा, शिकण्याच्या खुणा त्यानंतर करा.

सुरुवात कधी करायची, हाही प्रश्न येतो. पाडव्याच्या मुहूर्तावर मोठा संकल्प करणारे मे महिन्याच्या लग्नसराईत तो विसरतात. तुमच्या पिकांच्या खुणांमध्ये जी पहिली मोकळी जागा दिसेल तिथून करा. ती दोन महिने लांब असेल तर तोवर फक्त नोंदवही चालू ठेवा आणि लागणारं सामान जमवा: कलमासाठी चाकू आणि पट्टी, परीक्षेसाठी गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, वर्गासाठी सोबतच्या पाच माणसांचा होकार.