वेदीवरची राख

इंदूरमधील आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना हिंदीत होते, गीतेही हिंदीतच गायली जातात. पण घरात पहाटे वाचले जाणारे शास्त्र, म्हणजे बायबल, आजोबांच्या काळापासून मराठीच आहे. यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत ते वाचताना त्यातील लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायापाशी मी थांबले. एरवी यज्ञांचे नियम आणि बलिदानांचे प्रकार आले की आपण पाने भरभर उलटतो आणि मीही अनेक वर्षे तेच केले होते. या वेळी मात्र त्यातील एक साधा नियम मनातून जाईना. वेदीवरचा अग्नी कधीही विझू द्यायचा नाही. याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडे रचायची. आणि तत्पूर्वी, अंगात तागाची वस्त्रे घालून, रात्रभर जळलेल्या होमबलीची राख उचलायची, ती वेदीच्या बाजूला ठेवायची, मग वस्त्रे बदलून ती छावणीबाहेर एका शुद्ध जागी नेऊन टाकायची.

पुढे नवव्या अध्यायात परमेश्वरापासून अग्नी निघून वेदीवरचे अर्पण भस्म झाल्याचे वर्णन आहे. म्हणजे अग्नी देवाचा होता, त्यात माणसाचे कर्तृत्व काहीच नव्हते. लाकूड मात्र माणसाने आणायचे होते, आणि तेही रोज.

मी चोवीस वर्षांची असताना एका प्रार्थना शिबिरात शेवटच्या रात्री पुढे जाऊन गुडघे टेकले आणि जे काही माझे आहे ते सर्व प्रभूचे आहे असे म्हटले. ते समर्पण खरे होते, याविषयी मला आजही शंका नाही. माझी चूक त्यानंतर झाली. त्या रात्रीची आठवण मी इतकी जपली, साक्ष देताना इतक्यांदा सांगितली, की तीच माझी भक्ती होऊन बसली. प्रार्थना कोरडी झाली तरी मला काळजी वाटत नसे, कारण मी एकदा सर्व दिले होते ना! आता कळते की मी राखेची राखण करीत होते. ती राख पवित्र होती, म्हणूनच तर ती शुद्ध जागी नेण्याची आज्ञा आहे. पण वेदीवर तिचा ढीग तसाच राहिला, तर नव्या लाकडाला जागा कुठून मिळणार?

हे मला पुस्तकातून नव्हे, आईमुळे कळले. गेली तीन वर्षे तिला विस्मरणाचा आजार आहे. बाबा एका कापड गिरणीत रात्रपाळीला जात. ती गिरणी बंद पडून आणि बाबांना जाऊनही खूप वर्षे झाली. तरी रात्री दोन-अडीचला आई उठून बसते आणि विचारते, "भोंगा झाला का गं? हे अजून आले नाहीत." मी सांगते, ती झोपते, अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न. एका रात्री मी तिच्यावर ओरडले. ती घाबरून भिंतीकडे सरकली, आणि पहाटे शास्त्र उघडण्याचेही मला धैर्य झाले नाही. पैसा, नोकरी, आयुष्याचे बेत, सारे मी प्रभूला दिले असे समजत होते. पण माझी झोप मी कधी दिलीच नव्हती. तिच्यावर माझाच हक्क आहे, असे मी धरून चालले होते.

त्या आठवड्यात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायात मला गेथशेमाने बाग, जिथे येशूने अटकेच्या रात्री प्रार्थना केली ती, पुन्हा दिसली. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या अर्थाची प्रार्थना प्रभू येशूने एकदा करून सोडली नाही. तो शिष्यांकडे आला, परत गेला, आणि पुन्हा तेच शब्द बोलून त्याने तिसऱ्यांदा प्रार्थना केली. जर प्रत्यक्ष पुत्राला एकाच रात्रीत तीनदा स्वतःची इच्छा पित्यापुढे ठेवावी लागली, तर मला ती वारंवार ठेवावी लागते यात लाजण्यासारखे काय आहे? आपला वधस्तंभ उचलण्याविषयीचे येशूचे वचन सांगताना लूकने आपल्या शुभवर्तमानात "दररोज" हा शब्द नोंदवला आहे. तो मत्तय आणि मार्क यांच्यात नाही. त्या एका शब्दासाठी मी लूकची ऋणी आहे.

आपल्या मराठी मंडळीला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. त्यासाठी त्यांनी काय गमावले हे आपण सारे जाणतो, आणि तेवढ्यावर ते थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. बावीस वर्षांनीही त्यांच्यापाशी वेदीवर ठेवण्यासारखे काही उरले होते, आणि ते त्यांना दिसत होते.

आमच्या भागात सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीचे नाव आदराने घेतले जाते. 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येताना बसमध्ये त्यांची हत्या झाली, आणि 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे त्यांना धन्य (कॅथलिक परंपरेत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. आपण कॅथलिक नसलो तरी त्यांच्यापुढे मान लवते. मला मात्र त्या दिवसापेक्षा त्याआधीच्या वर्षांचा विचार अधिक येतो. गावोगावी पायपीट करणे, कर्जात अडकलेल्या आदिवासी कुटुंबांच्या पाठीशी उभे राहणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणे, या कामांची तारीख कोणी लिहून ठेवत नाही.

आता पहाटे शास्त्र उघडण्याआधी मी कालचा दिवस, त्यातील यश आणि चिडचिड दोन्ही, प्रभूपुढे ठेवून बाजूला करते. मग आजचे लाकूड मागते, कारण तेही माझ्या घरचे नसते. कधी साधते, कधी साधत नाही; मागच्याच आठवड्यात दोनदा माझा आवाज चढला. काल रात्री आईने तिसऱ्यांदा भोंग्याचे विचारले, तेव्हा मी दिवा लावला, तिच्या खाटेवर बसले आणि बाबा पाळीवरून आल्यावर ती त्यांना काय वाढत असे, ते तिलाच विचारले. ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी, ती म्हणाली, आणि मग उजाडेपर्यंत बोलत राहिली.